पोटात पाय, शंखात कबर

मागच्या पावसाळ्यात मामांचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "अरे, मी पाठवलेला व्हिडिओ बघितलास का? एक इंग्रज बाई झारीनं वाफ्यात पाणी घालायली अन् गोगलगायी मरायल्यात. विष नाही, काही नाही. ते इकडं मिळंल का?"

मामांचं शेत औसा तालुक्यात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन रात्रीतून कुरतडून टाकलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना असा व्हिडिओ म्हणजे आशेचा किरण. कोवळे मोड खाल्ले की झाड परत फुटत नाही. कितीतरी जणांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्यामुळे मामांना "बघतो" म्हणून वाटेला लावणं जमलं नाही. मी खरंच वाचायला बसलो, आणि जे हाती लागलं ते मामांच्या प्रश्नापेक्षा बरंच मोठं निघालं.

आधी झारीत काय होतं ते सांगतो. त्या पाण्यात होते सूत्रकृमी. दोऱ्यासारखे, जेमतेम एक मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसले तर दिसले. शेतकऱ्याला सूत्रकृमी म्हटलं की टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. पण ते भाऊबंद वेगळे. हा जो आहे तो पिकाच्या मुळांना तोंड लावत नाही, त्याला गोगलगाय लागते. शास्त्रीय नाव फॅस्मॅऱ्हॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा. हे नाव नीट उच्चारेपर्यंत गोगलगाय बांध ओलांडून जाईल, म्हणून यापुढे नुसतं 'सूत्रकृमी' म्हणतो.

या जिवाची नोंद १८५९ साली झाली, पण त्याला कामाला लावायचं डोकं कुणी शंभर-सव्वाशे वर्षं चालवलं नाही. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रातले विल्सन, ग्लेन आणि जॉर्ज यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की हा मातीतला किरकोळ दिसणारा प्राणी गोगलगायींचा चांगला मारेकरी होऊ शकतो. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, तो 'नेमास्लग' या नावानं बाजारात आला. ब्रिटनमध्ये गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या उघड्यावर वापरायला २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे, कारण त्या पक्ष्यांच्या आणि इतर प्राण्यांच्याही पोटात जातात. तेव्हापासून तिकडच्या बागवाल्यांना या सूत्रकृमींचा आधार जास्तच वाटू लागला.

आता तो मारतो कसा. हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

इथे एक फोड करावी लागेल. आपण सरसकट गोगलगाय म्हणतो, पण कृषी खात्याच्या पत्रकांत दोन शब्द असतात: पाठीवर शंख असलेली ती शंखी, आणि शंख नसलेली, नुसती लिबलिबीत, ती शेंबी. ब्रिटनमधल्या शेतकऱ्याचा खरा वैरी म्हणजे एक छोटी करडी शेंबी. बोटाच्या दोन पेरांएवढी. तिला पाहिलं तर पाठीच्या पुढच्या भागावर एक जाडसर घडी दिसते, बैलाच्या पाठीवर झूल टाकावी तशी. त्या झुलीखाली तिच्या पूर्वजांच्या शंखाची आठवण म्हणून एक पातळ चकती शिल्लक असते. शंख गेला, पण त्याची खोली घरात राहिली, असं म्हणा ना.

सूत्रकृमी मातीत उपाशी वाट बघत असतो. या अवस्थेत तो काही खात नाही, फक्त हुंगत फिरतो. गोगलगायीचा चिकट माग आणि तिची विष्ठा यांच्या वासावर तो जातो. गोगलगाय भेटली की झुलीच्या मागच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरतो, आणि थेट त्या चकतीच्या खोलीत मुक्काम करतो. आत गेल्यावर तो खायला-प्यायला लागतो, वाढतो, आणि एकटाच पिलावळ घालतो. नावातलं 'हर्माफ्रोडिटा' हे त्याचंच, नर-मादी एकाच अंगात. सोबत त्यानं जिवाणू आणलेले असतात. कारखान्यात या सूत्रकृमीला मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूवर पोसतात, आणि त्या जिवाणूचं विष गोगलगायीला भोवतं असं प्रयोगांत दिसलं आहे. निसर्गात मात्र त्याच्या अंगावर नाना तऱ्हेचे जिवाणू सापडतात, तेव्हा 'एक कृमी, एक जिवाणू' असा पक्का संसार काही नाही.

आठवडाभरात झूल सुजून फुगते. चार दिवस ते तीन आठवडे, एवढ्या काळात गोगलगाय मरते. मग तिच्याच मढ्यावर सूत्रकृमींची पुढची पिढी वाढते आणि खाणं संपलं की मातीत पसरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं मरण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आधीच घडलेली असते: लागण झालेली शेंबी काही दिवसांतच खाणं सोडते. तीन आठवड्यांनी मेली काय आणि पाच दिवसांत मेली काय, तोंड बंद झालं की पीक वाचलं.

तिचं वागणंही बदलतं. आजारी करडी शेंबी जमिनीच्या वर राहायचं सोडून मातीत खोल उतरते आणि तिथेच मरते. वर मेली असती तर एखादा भुंगेरा किंवा पक्षी तिला खाऊन गेला असता, आणि आतल्या कृमींचीही वाट लागली असती. म्हणजे हे खाली उतरणं कृमीच्या फायद्याचं आहे. याचा एक गमतीचा परिणाम असा, की सूत्रकृमींचं हे औषध टाकलेल्या वाफ्यात मेलेली गोगलगाय क्वचितच दिसते. विष टाकलं की सकाळी ढीग दिसतो आणि माणसाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. इथे ढीगच नाही. मामांच्या व्हिडिओत मेलेल्या गोगलगायींची रास दाखवली होती, ती बहुधा दुसऱ्याच कशानं मेलेली असावी, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ते थोडे नाराज झाले.

आता गोगलगायीची बाजू. आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय पोटात पाय. दिसायला गरीब, आतून पक्की. प्राणिशास्त्रातही या वर्गाचं नाव 'उदरपाद', म्हणजे पोट-पायवाले, तेव्हा म्हणीनं शास्त्राच्या आधीच निरीक्षण केलेलं आहे. ही गरीब गाय सूत्रकृमीपुढे गप्प पडून राहते असं समजू नका.

पहिली गोष्ट, तिला तो कळतो. प्रयोग अगदी साधा आहे. डब्याच्या एका अर्ध्या भागात सूत्रकृमी घातलेली माती, दुसऱ्या अर्ध्यात नुसती ओली माती, मध्ये शेंबी सोडायची आणि सकाळी ती कुठे बसलीय ते पाहायचं. करडी शेंबी कृमीवाली बाजू टाळते. हे सगळ्याच जातींत सारखं नाही, पण काही जातींत स्पष्ट आहे. यावरून शेतातही विचार सुरू झाला: गोगलगाय जर टाळूनच जात असेल तर सगळ्या रानात न फवारता फक्त पिकाच्या ओळीलगत पट्टा मारून भागेल का? त्याचीही चाचपणी झाली. मला हा विचार आवडतो. मारण्याऐवजी नुसता धाक.

पण खरी गंमत पुढे आहे. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातल्या रॉबी रे यांच्या गटानं असं पाहिलं की जी निरोगी शेंबी सूत्रकृमीपासून पळते, तीच लागण झाल्यावर सूत्रकृमीकडे ओढली जाते. शत्रूच्या घरी स्वतःहून पाहुणी. असं कशानं होत असेल याचा शोध घेताना त्यांनी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाकडे बोट दाखवलं. माणसांना नैराश्यावर देतात ते फ्लुओक्झेटीन त्यांनी निरोगी गोगलगायींना खाऊ घातलं. हे औषध सेरोटोनिनचा परिणाम वाढवतं. त्या गोगलगायी कृमीला टाळायचं विसरून त्याच्याकडे जाऊ लागल्या. उलट लागण झालेल्यांना सेरोटोनिनला अडवणारं औषध दिलं तर ओढ गेली. एक मिलिमीटरचा दोरा दुसऱ्याच्या डोक्यातला कल फिरवतो, हे वाचून मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो. घरात कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

मोठ्या शेंबीचं गणित निराळं आहे. युरोपात 'स्पॅनिश' म्हणून ओळखली जाणारी जाडजूड तपकिरी शेंबी लहान असताना या कृमीला बळी पडते, पण पूर्ण वाढली की तिला फारसं काही होत नाही. म्हणून तिकडे औषध टाकायची वेळ गाठावी लागते, पिल्लं बाहेर पडत असतानाची. नंतर टाकलं तर पैसे मातीत.

आणि मग येते शंखी. इथे मामांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शंख म्हणजे नुसतं घर, असं आपण शाळेत शिकलो. पक्ष्यापासून, उन्हापासून बचाव. रे यांच्या गटाला मात्र शंखाच्या आतल्या बाजूला काही वेगळंच दिसलं. युरोपातल्या बागांत पट्ट्यापट्ट्यांचा सुंदर शंख असलेली एक गोगलगाय असते. तिचा रिकामा शंख फोडून आतली चकचकीत बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिथे चिकटलेले सूत्रकृमी दिसतात. वेटोळी घातलेले, शंखाच्याच पदार्थानं मढवलेले, जणू गिलाव्यात दोरा दबून राहावा तसे. होतं असं: कृमी आत शिरला की शंखाच्या आतल्या पापुद्र्यावरच्या पेशी त्याला चिकटतात, त्याच्याभोवती गर्दी करतात, त्याला शंखाच्या भिंतीवर दाबून धरतात, आणि वर शंखाचा थर चढत जातो. जिवंत समाधी. कृमी मरतो, गोगलगाय आपली पानं खात पुढे जाते.

संग्रहालयांत ठेवलेले जुने शंख तपासले तेव्हा त्यांतही असे गाडलेले सूत्रकृमी सापडले, काही तर शेकडो वर्षांपूर्वीच्या शंखांत. ज्या मोठ्या शेंबींत शंखाची चकती आत उरली आहे, त्यांच्यातल्या काही जाती त्या चकतीतसुद्धा कृमी गाडतात. म्हणजे पूर्वजांनी ठेवलेली ती रिकामी खोली अगदीच वाया गेलेली नाही. जमिनीवरच्या गोगलगायींच्या फार मोठ्या कुळात ही युक्ती आढळते, त्यामुळे ती बरीच प्राचीन असणार. बिचारी छोटी करडी शेंबी मात्र यात कमी पडते. तिच्याकडेही चकती आहे, पण कृमींच्या लोंढ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. आणि नेमकी तीच ब्रिटनमधल्या शेतात सगळ्यात जास्त असल्यामुळे हे औषध तिथे चाललं. औषधाच्या यशात शत्रूच्या निवडीचा वाटा किती असतो पाहा.

औशाच्या रानात जी आहे ती करडी शेंबी नव्हे, ती आफ्रिकन शंखी. तळहाताएवढी होणारी. ती मुळात आपल्याकडची नाहीच. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रजानं मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या. पुढचं सगळं त्या एका हौसेचं पीक.

या आफ्रिकन शंखीवर तो सूत्रकृमी प्रयोगशाळेत सोडून पाहिला आहे. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ती दाद देत नाही. कृमी आत शिरतात, आणि शंखाच्या आतल्या भिंतीत गाडले जातात.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे शंखातच कबर बांधायली की ती." या लेखाचं शीर्षक त्यांचंच आहे.

त्यांचा पुढचा प्रश्न शेतकऱ्याचाच होता: जास्त टाकलं तर? तर मग हिशेब बघू. ब्रिटनमध्ये शिफारस असते चौरस मीटरला तीन लाख सूत्रकृमींची. एका हेक्टरला तीनशे कोटी, एकराला साधारण एकशेवीस कोटी. माल जिवंत असतो, फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, फार दिवस टिकत नाही. संध्याकाळी, ओल्या मातीवर घालायचा, कारण उन्हानं मरतो. पाण्यात कालवल्यावर सारखं ढवळत राहायचं, नाहीतर सगळे तळाशी बसतात आणि शेवटच्या वाफ्याला निम्मा माल जातो. नंतर दोनेक आठवडे माती ओली ठेवायची. त्यातून सहा आठवड्यांचं संरक्षण. हे परसबागेला, फार तर सॅलडच्या पानांसारख्या महाग पिकाला परवडतं. शिवाय हा जीव थंड देशातला, सतरा-अठरा अंशांच्या मातीत रमणारा. पाच अंशांच्या गारठ्यातही काम करतो म्हणून त्याचं तिकडे कौतुक. आपल्या जूनच्या तापल्या मातीत त्याची काय अवस्था होईल, ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक काळजी तिकडच्या शास्त्रज्ञांनाही आहे. ज्यांना मारायचं नाही अशा गोगलगायींचं काय? तळ्यातल्या एका मोठ्या शंखीला या कृमींच्या जादा मात्रेनं त्रास होतो असं आढळलं आहे, तर दुसऱ्या एका पाणगोगलगायीला काही झालं नाही. म्हणजे बाहेरचा सूत्रकृमी आणून सोडायचा तर आधी आपल्या ओढ्या-तळ्यांतल्या निरुपद्रवी शंखांची यादी हातात हवी. आफ्रिकन शंखी आणतानाही कुणी यादी केली नव्हती.

एक गोष्ट मात्र मी मामांना दोनदा बजावली, कारण सूत्रकृमी म्हटलं की सगळे एकाच पारड्यात जातात. आफ्रिकन शंखीच्या अंगात आणखी एक सूत्रकृमी राहू शकतो, उंदराच्या फुप्फुसातला. त्याचं घर उंदीर, आणि गोगलगाय ही मधली धर्मशाळा. उंदराच्या विष्ठेतून त्याच्या अळ्या गोगलगायीत येतात, तिच्या मांसात राहतात, वाढतात, आणि तिला मारत नाहीत. माणसाच्या पोटात त्या अळ्या गेल्या, कच्च्या गोगलगायीतून किंवा न धुतलेल्या पालेभाजीवरून, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. केरळात असे रुग्ण आढळले आहेत. म्हणून गोगलगायी वेचताना हातमोजे घालायचे, निदान प्लास्टिकची पिशवी तरी हाताला गुंडाळायची. पोरांना तर अजिबात लावायचं नाही या कामाला. "हातानं उचललं तर काय होतंय" म्हणणाऱ्या मामांनी हे ऐकून पहिल्यांदाच "बरं" म्हटलं.

मग उरतो तोच जुना उपाय. पहिल्या पावसानंतर त्या जमिनीतून बाहेर येतात. उन्हाळाभर शंखाचं तोंड पडद्यानं बंद करून मातीत झोपलेल्या असतात, ओल लागली की जाग्या होतात. त्याच आठवड्यात गाठायचं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेनं आणि पिकाच्या ओळीत अंथरायची, सकाळी उन्हाच्या आधी उलटायची. खाली चिकटलेल्या सगळ्या बादलीतल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात. एकेक शंखी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून मातीतले साबुदाण्यासारखे पिवळसर पुंजके दिसले की तेही गोळा करायचे. आणि हे एकट्यानं करून उपयोग नाही. शेजाऱ्याच्या बांधावर त्या राहिल्या तर आठ दिवसांत परत आपल्याकडे.

हे सगळं ऐकून झाल्यावर मामांनी हळूच खरी गोष्ट काढली. त्यांनी उसातल्या हुमणीसाठी सूत्रकृमीचं एक पाकीट आणून ठेवलं होतं, ते फ्रिजमध्ये पडून होतं. "सूत्रकृमी तर सूत्रकृमी. हेच सोयाबीनला घातलं तर?"

नाही, म्हटलं. तो वेगळ्या घराण्यातला, किड्यांच्या अळ्यांत शिरणारा. शंखी त्याला ओळखतसुद्धा नाही.

"मंग हुमणीलाच घालतो," मामा म्हणाले, आणि मामीला गोणपाटं किती निघतील ते विचारायला गेले.